दांडीवरची इस्त्री

"मॅडमना खुर्ची द्या," बाबा म्हणाले, आणि दारातच थोरलीच्या काळजात चर्र झालं.

मॅडम…! ज्या जिन्यावरून गडगडत येऊन तिने दुधाचे दात पाडून घेतले होते, ज्या भिंतीवर तिची उंची दरवर्षी पेन्सिलीने आखली जायची, त्या घरात ती आता मॅडम झाली होती. आणि खुर्ची द्यायला धावली ती भावजय, जिच्या लग्नाचं हिला साधं बोलावणंही आलं नव्हतं. खिडकीपाशी पाठ करून उभा होता तो धाकटा भाऊ. साऱ्या गल्लीत त्याला 'कॉलर' म्हणत, कारण शर्टाच्या कॉलरला त्याच्यासारखी इस्त्री करणारा त्या शहरात दुसरा कोणी नव्हता… पण ते पूर्वीचं. आता त्याचा डावा हात मनगटापासून आखडलेला होता, आणि घरातसुद्धा तो त्यावर लोकरीचा हातमोजा चढवून ठेवी.

थोरली बसली. बसायचंच नाही असं ठरवून आली होती, पण लॉजपासून थंडीत चालत आल्याने पाय पार बधिर झाले होते, आणि बधिर पायांवर अभिमान तरी किती वेळ उभा राहणार?

ती आली होती सरकारी कामावर. बॉयलर तपासणं ही तिची नोकरी. कारखाना असो, इस्पितळ असो, जिथे वाफेवर काम चालतं तिथे जायचं, दाब बघायचा, आणि धोका दिसला तर सील ठोकून यंत्र बंद करायचं. या शहराचा नेहमीचा तपासनीस पाय मोडून घरी बसला, म्हणून हिवाळ्यातला हा आठवडा तिच्या वाट्याला आला होता. ठरलेल्या ठिकाणांमध्ये वडिलांची लाँड्रीही आहे, हे तिने निघण्याआधीच साहेबांच्या कानावर घातलं होतं. साहेब म्हणाले होते, मग ती शेवटी ठेवा, तुम्ही नुसती पाहून घ्या, शनिवारी मी स्वतः येऊन काय ते ठरवतो.

लाँड्री खाली, घर वर. बॉयलरची ऊब मधल्या खोलीच्या फरशीतून वर यायची, आणि लहानपणी हिवाळ्यात दोघं भावंडं त्याच खोलीत पांघरुणाशिवाय लोळत पडायची. आजही बूट काढल्याबरोबर तळव्यांना ती ऊब लागली, आणि थोरलीला इतकं भरून आलं की तिने मुकाट्याने बूट पुन्हा चढवले.

चहा झाला. बाबांनी थंडीचं विचारलं, प्रवासाचं विचारलं, बॉयलर कधी बघणार तेही अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. शुक्रवारी दहाला, ती म्हणाली. मग कपबशा उचलता उचलता आईने इतका वेळ ओठांवर अडवून धरलेलं बोलून टाकलं.

"आलीच आहेस तर त्याची माफी माग गं. एका शब्दाचं तर काम आहे. माझे डोळे मिटायच्या आत तुम्हा दोघांना धड बोलताना बघायचंय मला."

"नाही मागणार, आई."

"अजून तोच ताठा?"

"अजून तोच."

खिडकीपाशी कॉलर नुसता नाकातून हसला. बाबा कपातल्या गाळाकडे बघत राहिले. त्या ताठ्याचं कारण माहीत असलेली माणसं त्या खोलीत दोनच होती, आणि त्यातलं एक आता सुनेला सांगत होतं, की मॅडम निघाल्या, जिन्यातला दिवा लावा.

कारण साधं होतं. बॉयलरच्या माथ्यावर एक दांडी असते. वाफेचा दाब बेताबाहेर गेला की ती दांडी आपोआप उचलली जाते, वाफ किंचाळत बाहेर पडते, आणि माणसं वाचतात. पण कडाक्याच्या थंडीत वाफ लांबच्या पाइपांतून जाईपर्यंत निवते, मागच्या टेबलांवर धड इस्त्री बसत नाही, आणि हॉटेलवाले चादरी परत पाठवतात. यावर बाबांपाशी त्यांच्या वडिलांकडून आलेला एक इलाज होता. आजोबांच्या वेळची ती कोळशाची जडशीळ इस्त्री दांडीला अडकवून द्यायची, की झालं! दांडी हलत नाही, दाब चढत राहतो, मागची टेबलं चांगली चटके देऊ लागतात. तपासनीस यायचे ते दहाला, पोटभर चहा पिऊन. तोवर इस्त्री खाली उतरून फडक्याखाली गेलेली असायची.

कॉलरचा हात गेला त्या सकाळी बॉयलरपाशी थोरली होती. दाबाचा काटा चढताना पाहून तिने बाबांना सांगितलं, इस्त्री काढा. ते म्हणाले, थांब जरा. ती पुन्हा सांगायला गेली, तर म्हणाले, तुला आता आमच्यापेक्षा जास्त कळायला लागलं का? आणि तेवढ्यात मागच्या टेबलावरचा पाइपचा सांधा फुटला… खाली कॉलर होता, कोणाच्या तरी शर्टाची कॉलर डाव्या हाताने ताणून धरलेला.

त्याला घेऊन सगळे इस्पितळाकडे धावले, तेव्हा तिनेच दांडीवरची इस्त्री उतरवून मळक्या चादरींच्या ढिगात खुपसली. कोणी सांगितलं नव्हतं. लाँड्रीला टाळं लागलं तर भावाच्या औषधपाण्याचं काय, बाबांना धरून नेलं तर आईचं काय, एवढंच त्या घटकेला मनात आलं होतं. चौकशीचे साहेब आले. बाबांनी लेकीकडे पाहिलं… किती लाचार, किती विनवणारी ती नजर! आणि मग ते साहेबांना म्हणाले, "पोरीला डुलकी लागली हो." थोरलीने मान खाली घातली.

वय बघून साहेबांनी तिला समज देऊन सोडलं. लाँड्री वाचली, आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं ते कायमचं. हळूहळू निवळेल सारं, असं बाबांना वाटलं असावं; पण भावाचा हात काही बरा झाला नाही, आणि तो होईना तसतसं खरं बोलणं बाबांना अधिकच जड होत गेलं. घरात तिला कोणी टाकून बोलत नव्हतं, फक्त रोज कोणी ना कोणी म्हणे, निदान माफी तरी माग. गप्प बसायला ती तयार होती, जन्मभर बसली असती. पण जो अपराध आपण केलाच नाही त्याची माफी…? तिथे मात्र तिची जीभ रेटेना. शेवटी एके दिवशी तिने बॅग भरली, दुसऱ्या शहरात गेली, आणि शिकायचं म्हणून जे शिकली ते नेमकं बॉयलरचंच. हट्ट म्हणा हवं तर. हट्टच होता तो.

तर त्या आठवड्यात ती आपलंच शहर परक्यासारखं तुडवत हिंडली. इस्पितळाच्या तळघरात गेली, गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेली. सकाळी तोंडातून वाफ निघायची आणि चष्म्याच्या काचा धूसर व्हायच्या. चौकातल्या न्हाव्याने तिला ओळखलं, वस्तरा हातात धरूनच तो दुकानाबाहेर आला आणि म्हणाला, "लाँड्रीवाल्यांची थोरली ना? ती डुलकीवाली?"

"तीच," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांची झोप उडवत फिरते."

न्हावी हसला आणि पुन्हा दुकानात शिरला.

बुधवारी बिस्किटांच्या कारखान्यातून ती बाहेर पडली, तर फाटकाशी कॉलर उभा. सगळ्या रस्त्यावर भाजलेल्या साखरेचा वास पसरला होता आणि हा तोंड कडू करून उभा होता. तो आडवळणाने बोलणारा नव्हताच. हॉटेलचं काम गेलं तर लाँड्री बसेल, बाबा आता थकलेत, बॉयलर जुना झालाय हे काय कोणाला ठाऊक नाही. तेव्हा तिने डोळ्यांवर कातडं ओढून साहेबांना सगळं ठीक आहे म्हणावं, एवढंच त्याला सांगायचं होतं. ती म्हणाली, जे दिसेल ते सांगेन.

"म्हणजे हात घेऊन तुझं भागलं नाही. आता लाँड्रीही घे."

मग त्याचा आवाजच बदलला.

"ताई, हाताचं मी कधीच सोडून दिलंय. डुलकी काय, कोणालाही लागते. पण तू इस्पितळात माझ्या उशाशी रात्रंदिवस बसून होतीस, आणि एकदासुद्धा 'चुकलं' म्हणाली नाहीस. तेवढं सलतं मला."

एक वाक्य… एकच वाक्य बोललं की याच्या मनातलं ते किल्मिष धुऊन निघेल! पण त्याच वाक्याने याचे वडील याच्यापासून हिरावले जातील, ज्यांच्या मागे मागे हा लहानपणापासून सावलीसारखा फिरला त्या वडिलांना हा पुन्हा कधी डोळे भरून बघणार नाही. आणि ते वाक्य बोलायचं तरी तिने का? ज्यांनी खोटं सांगितलं त्यांनीच ते परत घ्यायला हवं होतं. तिने ओठ घट्ट मिटले, आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, की हल्ली बॉयलरपाशी कोण बसतं?

तो म्हणाला, "मी त्या दिवसापासून तिथे पाऊल टाकलेलं नाही. सकाळी माझी बायको बसते."

तिच्या डोळ्यांसमोर दांडीवरची ती इस्त्री उभी राहिली. शुक्रवारच्या दहा वाजण्याची वाट बघायची नाही, हे तिने त्या गोड वासाच्या रस्त्यावरच ठरवून टाकलं.

गुरुवारी उजाडता उजाडता ती लाँड्रीच्या मागच्या दाराने आत शिरली. धुणाऱ्या बायका हौदावर कामाला लागल्या होत्या, त्यांना वाटलं घरचीच कोणी असेल. बॉयलरच्या खोलीत भावजय शाल लपेटून स्टुलावर बसली होती, नेमकी तिथेच, जिथे एकेकाळी थोरली बसायची. आणि तिच्या डोक्यावर, दांडीला, मुठीला फडकं गुंडाळलेली ती काळी इस्त्री लटकत होती.

काटा तांबड्या रेघेच्या पुष्कळ पुढे गेला होता.

"अगंबाई, ताई! तुम्ही उद्या येणार होता ना?" भावजय हसतच उठली. तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचा मागमूस नव्हता. काहीच सांगितलं नव्हतं हिला कोणी!

हिला बाहेर काढ, बायकांना अंगणात ने, मागच्या टेबलांवरची माणसं उठव, असं भराभर करत तिने बॉयलरखालची आग विझवली. काटा थोडा मागे सरकेपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली, आणि मग हात वर करून तिने इस्त्री उतरवली.

दांडी उचलली गेली. जी किंचाळी फुटली तिने साऱ्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या, कुत्री भुंकायला लागली, अंगण पांढऱ्या वाफेने भरून गेलं. थोरली कानांवर हात न ठेवता ते ऐकत उभी राहिली. हाच आवाज त्या सकाळी व्हायला हवा होता, म्हणजे एका माणसाचा हात आणि एका बाईचं घर शाबूत राहिलं असतं.

वाफ ओसरली तेव्हा सगळे अंगणात जमले होते. आई जिन्यात उभी होती. बाबा अर्धी दाढी झालेली आणि अर्ध्या गालावर साबण अशा अवतारात धावत आले होते. आणि बॉयलरच्या खोलीच्या दारात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कॉलर उभा होता. थोरलीच्या हातातल्या इस्त्रीकडे तो बघत होता.

"ही इथे कशी?"

"दांडीवरची आहे ती," भावजय म्हणाली. "थंडीत लावतात ना, नेहमीची. बाबांनीच दाखवलं मला. तपासायला यायचे असले की तेवढी काढून ठेवायची."

"नेहमीची?"

बाबा पुढे झाले, घसा खाकरून म्हणाले, मॅडम, जरा वर चला, बसून बोलू. आणि बोलता बोलता त्यांनी लेकीकडे पाहिलं… तीच नजर! तीच लाचार, विनवणारी नजर, जिच्यापुढे एका पोरसवदा मुलीने आपलं सगळं आयुष्य ठेवून दिलं होतं. थोरलीची मान क्षणभर सवयीने खाली जाऊ लागली. मग ती थांबली, आणि तिने वडिलांच्या डोळ्यांना डोळे भिडवले.

"जे काय बोलायचं ते इथेच बोला, बाबा."

कॉलर वळला. "ताई, त्या दिवशी ही दांडीवर होती?"

"मला विचारू नकोस. मी तेव्हा बोलले नाही, आजही बोलणार नाही. ज्यांनी तुझ्या बायकोला इथे बसवलं त्यांना विचार."

बाबांच्या गालावरचा साबण वाळत चालला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं, लेकाच्या हातमोज्याकडे पाहिलं, आणि मग ते हौदाच्या कठड्यावर टेकले.

"होती," ते म्हणाले. "मीच अडकवली होती. ती झोपली नव्हती रे. दोनदा मला सांगायला आली, काढा म्हणून. मीच ऐकलं नाही."

आईच्या तोंडून हुंदका फुटला. ती जिना उतरली ती धडपडतच, आणि थोरलीचे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाली, "मी तुला माफी माग म्हणत होते… मी, तुझी आई…!" थोरलीने तिला छातीशी धरलं, आणि मग मात्र तिच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कॉलर बायकोच्या दंडाला धरून तिला त्या खोलीपासून लांब, पार फाटकापर्यंत घेऊन गेला.

थोरलीने डोळे पुसले, बॅगेतून सील काढलं आणि ती बॉयलरकडे वळली.

"आता बोलले ना गं ते," आई रडतच म्हणाली. "आता तरी राहू दे. हॉटेलचं काम गेलं तर उद्या करायचं काय आपण?"

"त्या दिवशी मी यांना वाचवलं, आई. वाचवलं म्हणून पुन्हा तीच इस्त्री, तीच दांडी, आणि खाली दुसऱ्याची लेक. आता नाही वाचवणार."

आणि तिने सील ठोकलं.

त्या संध्याकाळी आई स्वतः लॉजवर जाऊन तिची बॅग उचलून घेऊन आली, विचारलंसुद्धा नाही. बॉयलर बंद असल्याने मधल्या खोलीची फरशी पहिल्यांदाच गार पडली होती. आईने गादीवर गादी घातली, वर दोन रजया टाकल्या, आणि तरीही थंडी वाजते का, वाजते का, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिली. कॉलर वर जेवायला आला नाही. भावजय त्याचं ताट खाली नेऊन देत होती.

शनिवारी साहेब आले. बॉयलर फिरून पाहिला, सील योग्यच आहे म्हणाले, व्हॉल्व्ह आणि मागचे पाइप बदलल्याशिवाय वाफ करायची नाही असं बजावलं. ते निघणार तोच बाबा वाटेत उभे राहिले. साहेब, आणखी एक सांगायचंय, ते म्हणाले, आणि धुणाऱ्या बायकांसमोर, गल्लीतल्या चार माणसांसमोर, त्यात तो न्हावीही होता, त्यांनी त्या सकाळची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. मुलीला डुलकी लागली नव्हती, हे वाक्य तर ते एकदा बोलून पुन्हा मोठ्याने बोलले. साहेबांनी टोपी काढून ते ऐकून घेतलं. न्हावी खाली बघून दुकानाकडे चालता झाला.

राहिल्या होत्या हौदात भिजलेल्या हॉटेलच्या चादरी. वाफ नाही, यंत्र नाही, पण दिलेला शब्द होता आणि बाहेर बऱ्यापैकी ऊन होतं. सगळं घर हौदावर उतरलं. थोरलीची गाडी संध्याकाळची होती. तिने सरकारी कोट काढून खिळ्याला अडकवला, बाह्या वर सारल्या, आणि बर्फासारख्या पाण्यात हात घातला.

ओली चादर पिळायला दोन माणसं लागतात, दोन टोकांनी उलट्या दिशांना पीळ द्यायचा. तिने एक टोक उचललं, आणि दुसरं टोक कोण धरतंय म्हणून मान वर केली तर समोर कॉलर. त्याने हातमोजा काढून टाकला होता. बोटं मिटत नव्हती, म्हणून चादरीचं टोक त्याने डाव्या मनगटाला दोनदा गुंडाळून घेतलं आणि तो पाय रोवून उभा राहिला. पहिली चादर पिळून झाली. दुसरीही झाली.

"चुकलं," तो म्हणाला.

"काय?"

"तू म्हणत नव्हतीस म्हणून मी रागावलो होतो. आता मीच म्हणतो. चुकलं माझं, ताई."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला रडू कोसळलं. हात ओले असल्याने डोळे कशाने पुसावेत तेही तिला कळेना. कॉलरने आपल्या त्या वाकड्या हाताच्या पालथ्या बाजूने तिचे गाल पुसले, आणि पिळलेल्या चादरी खांद्यावर टाकून तो गच्चीवर वाळत घालायला गेला.

तिने पुढची चादर उचलली. दुसरं टोक धरायला बाबा येऊन उभे राहिले. म्हातारे हात थंड पाण्याने लाल झाले होते.

"बाळ, मला माफ केलंस का गं?"

थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं. गच्चीवरून कॉलर काहीतरी ओरडून चिमटे मागत होता, आई जिन्यात चहा घेऊन उभी होती, आणि या माणसावर आपलं अजून किती प्रेम आहे हे तिला त्या क्षणी लख्ख कळत होतं.

"अजून नाही," ती म्हणाली. "चादर घट्ट धरा."

त्यांनी ती घट्ट धरली. मग दोघांनी मिळून पीळ द्यायला सुरुवात केली, आणि पाणी अंगणात पडू लागलं.